भरून नेली, भरून आणली

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. नव्या वह्यांचा आणि रेनकोटच्या प्लॅस्टिकचा एकमेकांत मिसळलेला वास, नुकत्याच पडून गेलेल्या सरीचा चिखल, आणि शाळेने दिलेली यादी हातात धरून "दुरेघी दोन, चौकटी एक, ब्राउन पेपरचा रोल" असं गर्दीच्या डोक्यावरून ओरडणारे बाबालोक. त्या गर्दीत एक बाई पाण्याच्या बाटल्यांपाशी उभी होती, सोबत सहाएक वर्षांची मुलगी. दुकानदाराने सवयीने साडेसातशे मिलीची बाटली पुढे केली. "यापेक्षा लहान?" त्याने पाचशेची काढली. "अजून लहान नाही का?" दुकानदार हसला. "ताई, पहिलीत ना मुलगी? पाच तास शाळा. एवढीशी कशी पुरणार?" त्यावर ती बाई नावाच्या चिकटपट्ट्या चाळत अगदी सहज म्हणाली, "नाही हो, शाळेत पितच नाही ती. मागचं अख्खं वर्ष भरून नेली आणि भरून आणली. उगाच ओझं." शेवटी साडेतीनशेची सापडली. झाकणावर ससा. मुलगी त्या झाकणाचं बटण टकटक उघडमीट करत राहिली आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पोरीला तहान लागत नसेल, असं काही नाही.

ओझ्याचा हिशेब आईने बरोबर केला होता. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो सांगितलंय, म्हणजे वीस किलोच्या मुलासाठी साधारण दोन किलो. त्यातला पाऊण किलो बाटलीचाच. पण सहा वर्षांचं मूल पाच तास पाणी का पीत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यात नसतंच, ते स्वच्छतागृहात असतं. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं नसेल तर प्यायचं नाही, एवढं गणित मुलं कोणी न शिकवता करतात. त्यांना तिथली कोणती गोष्ट नको वाटते हे विचारलं तर पटकन सांगता येत नाही, पण दाराशी उभं राहून बघितलं की कळतं. कडी मोठ्या माणसाच्या खांद्याला येईल अशी, म्हणजे मुलीने टाचा उंचावून लावली तर ती उघडेलच याची खात्री नाही. म्हणून ती लावायचीच नाही, आणि मग मोठ्या वर्गातल्या मुली दार ढकलणार म्हणून आत जायचंच नाही. कमोड असेल तर तो मोठ्या मापाचा, बसलं की पाय अधांतरी. फरशी कायम ओली, बूट-मोजे भिजतात, आणि भिजलेले मोजे घेऊन वर्गात जायचं म्हणजे सगळ्यांना कळणार. ट्यूनिकचा पट्टा एकटीला काढता येतो, पण परत लावता येत नाही. दिवा असतो, त्याचं बटण बाहेर असतं.

आणि मग साधं त्रैराशिक. मधली सुट्टी वीस मिनिटांची. मजल्यावर दोनशे मुली, चार संडास. एकीला दीड मिनिट धरलं तरी सगळ्या जणी होऊन यायला सव्वा तास लागेल. म्हणजे बहुतेक जणींना सुट्टीत जायला मिळणारच नाही, आणि तासाला हात वर केला की "आत्ताच तर सुट्टी झाली ना?" बालरोगतज्ज्ञांकडे या वयाची मुलं बद्धकोष्ठतेची आणि लघवीच्या जंतुसंसर्गाची तक्रार घेऊन येतात, तेव्हा मूल धरून ठेवतं का, हा प्रश्न ते आधी विचारतात. पहिलीसाठी शाळा निवडताना आपण जी प्रवेश-पुस्तिका चाळतो, तिच्यात मात्र या सव्वा तासाचा उल्लेख कुठे सापडत नाही. तिथे जलतरण तलाव असतो.

इंग्रजी माध्यमात गेलेल्या मराठी घरातल्या मुलाचं शाळेतलं पहिलं पूर्ण वाक्य बहुधा "मे आय गो टू द टॉयलेट, टीचर?" हेच असतं. सात-आठ शब्दांची ती एक ओळ आहे, आणि लागलेली असताना ती आठवावी लागते. ज्याला ती आठवते तो जातो. ज्याला आठवत नाही तो "टीचर... टीचर..." एवढंच म्हणून गप्प बसतो. काही वर्गांमध्ये शहाण्या बाई असतात. करंगळी दाखवली की मान हलवतात, वाक्य नंतर शिकवतात. काही वर्गांमध्ये "से इट प्रॉपरली" असतं. दोन्ही शाळांची फी सारखी असू शकते, मंडळही तेच असू शकतं. फरक दिसतो तो फक्त त्या एका करंगळीपाशी, आणि माध्यमाची चर्चा करताना आपण तिथपर्यंत कधी पोचतच नाही.

माध्यमाबद्दल सगळं बोलून झालंय. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात शक्यतो मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय, २०२० च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत मातृभाषा असावी असं लिहिलंय, आणि तरीही सोसायटीच्या फाटकाशी सकाळी उभं राहिलं तर पिवळ्या बसवर कोणत्या भाषेतली नावं असतात ते दिसतंच. मराठी शाळेचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. सहा वर्षांच्या मुलाकडे घरच्या भाषेतले हजारो शब्द असतात. त्याला चिमटा, उलथणं आणि सांडशी यातला फरक कळतो, "सांडलं" आणि "सांडवलं" यातला तर फारच नीट कळतो. इंग्रजी माध्यमाच्या पहिलीत हे सगळं भांडवल दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायचं, आणि आत ए फॉर ॲपलपासून सुरुवात करायची. पण हे बोलणाऱ्यांच्या घरात बहुतेकदा इंग्रजी आधीच आलेलं असतं. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीसाठी अडलेला बाप जेव्हा पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालतो, तेव्हा त्याला भाषाशास्त्र सांगायला जीभ रेटत नाही. त्याचा निर्णय चूक असेल, पण तो वेडेपणा नाही. त्याने पाहिलेली दारं खरोखरच इंग्रजीने उघडतात. फक्त ती पहिलीत उघडत नाहीत, इतकंच त्याला कोणीतरी सावकाश सांगायला हवं. वाचायला मूल एका भाषेत एकदाच शिकतं, आणि ज्या भाषेतले शब्द कानाला ओळखीचे आहेत त्या भाषेत लवकर शिकतं. दुसऱ्या भाषेत त्याला नवी अक्षरं आणि नवे शब्द शिकावे लागतात, वाचणं पुन्हा शिकावं लागत नाही.

मात्र मातृभाषेतही सगळं सोपं नसतं, आणि हे मराठीवाल्यांनी मोकळेपणाने मान्य करावं. आपली संख्यानामं घ्या. "पंचवीस" म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून पहिली-दुसरीच्या वह्यांत २५ च्या जागी ५२ सापडतात. "एकोणसाठ" ऐकलं की मूल साठच्या घरात जातं आणि ६९ लिहून येतं. त्याने कानाने ऐकलेल्या साठवर विश्वास ठेवलेला असतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने "पंचवीस"सोबत "वीस पाच" असंही वाचायला दिलं, तेव्हा महाराष्ट्रभर जी थट्टा झाली ती आठवत असेल. थट्टा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी दुसरीच्या मुलाची वही उघडून पाहिली असावी. सेमी इंग्रजीत गणित इंग्रजीतून असतं, त्यामुळे ही एक अडचण खरोखर कमी होते. पण सेमीचा वर्ग निवडताना वेगळाच प्रश्न विचारायचा असतो: गणित शिकवणाऱ्या बाई शिकवताना बोलतात कोणत्या भाषेत? शब्द "ॲडिशन" आणि समजावणं मराठीत असेल तर मुलाचं चांगलं चालतं. समजावणंही तुटक्या इंग्रजीत असेल, तर मुलाला ना गणित मिळतं ना इंग्रजी.

माध्यम कुठलंही असो, खरी परीक्षा वहीची. पहिलीची वही जूनमध्ये बघून उपयोग नाही, ती कोरी असते. शाळा ठरवायची असेल तर आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ओळखीतल्या, शेजारच्या, त्याच शाळेतल्या पहिलीच्या मुलाची वही मागून घ्यावी. चहा पिता पिता चाळली तरी पुरे. पानभर एकच अक्षर, वरच्या ओळीत सुबक आणि खाली खाली थकत गेलेलं, शेवटी लाल शाईत "छान" असेल, तर त्या वर्गात मूल हात चालवतंय, वाचत नाहीये. काही वह्यांमध्ये मात्र ऑक्टोबरातच मुलाने स्वतः लिहिलेलं काहीतरी सापडतं. वेडंवाकडं, चुकीचं, पण त्याचं स्वतःचं. "मामाला काम." असं एक वाक्य, खाली झोपलेल्या माणसाचं चित्र. ते कसं जमतं? मुळाक्षरं अ ते ज्ञ क्रमाने घोटत बसलं, तर शब्द तयार व्हायला महिने जातात. त्याऐवजी क, म, ल, र अशी चार अक्षरं आणि एक काना घेतला, तर दोन-तीन आठवड्यांतच काम, माल, मला, मामा, काका, कमाल, मार असे शब्द मुलाच्या हाताशी येतात. मग पुढचा गट, पुढची मात्रा. असं शिकवणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या पत्र्याच्या खोलीतही भेटतात. वातानुकूलित वर्गात भेटतीलच, असं नाही.

तीच गोष्ट पुस्तकांची. प्रत्येक शाळेत वाचनालय असतं, निदान "आमच्याकडे लायब्ररी आहे" असं उत्तर तरी असतं. गोष्टींची पुस्तकं कोपऱ्यांवर मऊ पडलेली, शिवण सुटलेली, कुठेतरी तेलाचा डाग पडलेली असतील, तर ती मुलांच्या हातात गेलेली आहेत. काचेच्या कपाटात कणे सरळ करून उभी असतील आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर कोणाकडे तरी असेल, तर ती फक्त तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी आहेत.

एका वर्गात मुलं किती, हा प्रश्न पालक विचारतात, पण उत्तर नीट ऐकत नाहीत. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक धरलाय, सीबीएसईची तुकडीमागे चाळीसची मर्यादा आहे. प्रत्यक्षात "फॉर्टी, बट वुई हॅव ॲन असिस्टंट टीचर" असं उत्तर मिळतं. मग विचारायचं, ही असिस्टंट रोज असते की बदली म्हणून इकडे-तिकडे जाते? चाळीस वह्या, प्रत्येकीला एक मिनिट दिलं तरी चाळीस मिनिटं, म्हणजे एक अख्खा तास गेला. म्हणून पहिलीतल्या वहीवर बरोबरची खूण असते आणि चुकीच्या आकड्यावरही असते. याच्या उलट बाजूला मराठी शाळांचा पट घसरत चाललाय. पट कमी म्हणजे बाईंचं लक्ष जास्त, असं वाटतं. पण पट एका मर्यादेखाली गेला की शिक्षक कमी होतात आणि पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते. एका फळ्याचे दोन भाग करून शिकवणं ज्यांना जमतं त्या बाईंच्या वर्गात लहान मूल मोठ्यांचं ऐकून पुढचंही शिकून जातं. ज्यांना जमत नाही, तिथे निम्मा वर्ग कायम "लिहून काढा" करत असतो. म्हणून "मराठी शाळा चांगली" किंवा "मराठी शाळा पडली" अशी वाक्यं फारशी कामाची नसतात. पुण्यातली अक्षरनंदन किंवा नाशिकचं आनंद निकेतन यांची नावं मराठी माध्यमाची म्हणून अभिमानाने घेतली जातात, ते योग्यच आहे, पण आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जी मराठी शाळा आहे ती त्यातली नसते. तिचा वर्ग स्वतःच जाऊन बघावा लागतो. आणखी एक प्रश्न, जो फारसा कोणी विचारत नाही: पहिलीच्या बाई किती वर्षं इथे आहेत? वर्षात दोनदा बाई बदलल्या तर वर्गाची फरशी कितीही चकचकीत असली तरी मूल दोनदा अनाथ होतं.

मंडळाबद्दल मात्र पालक रात्र रात्र जागतात. खरं म्हणजे पहिलीच्या मुलाला एसएससी, सीबीएसई आणि आयसीएसई यातला फरक पुस्तकाच्या जाडीपलीकडे फार जाणवत नाही. तरी कागद तपासायलाच हवेत, कारण फसगत तिथे होते. "सीबीएसई पॅटर्न" असं फलकावर लिहिलं असेल तर तो पॅटर्न फक्त पुस्तकांचा असू शकतो. संलग्नता असेल तर तिचा क्रमांक असतो आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर तो सापडतो. तो नसेल तर नववीत किंवा दहावीत "फॉर्म दुसऱ्या शाळेतून भरावा लागेल" असं ऐकायची तयारी ठेवायची. राज्याची मान्यता कितवीपर्यंत आहे हेही विचारायचं, चौथीपर्यंतची मान्यता असलेल्या इमारतीत सहावीचे वर्ग भरलेले असतात. प्रत्येक मान्य शाळेला सरकारी नोंदीतला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि त्यानंतर दर दिवसाला दहा हजार, अशी कायद्यात तरतूद आहे, तरीही शिक्षण विभागाला अनधिकृत शाळांच्या याद्या काढाव्या लागतात. यादी निघते तेव्हा बहुतेक पालकांची फी भरून झालेली असते.

वयाचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे २० डिसेंबर २०१९ ला जन्मलेलं मूल जून २०२५ मध्ये पहिलीत बसू शकतं, साडेपाच वर्षांचं असताना. त्याच बाकावर जानेवारी २०१९ चं मूल असतं, जवळपास एक वर्षाने मोठं. चाळिशीत एक वर्षाचं काही नाही, सहाव्या वर्षी ते सबंध आयुष्याचा सहावा भाग असतं. मनगटाची हाडं अजून घट्ट व्हायची असतात, पेन्सिल मुठीत धरली जाते, ट्यूनिकचा पट्टा लागत नाही. आणि बाई म्हणतात, "थोडा स्लो आहे." तो स्लो नसतो, डिसेंबरचा असतो. ही तारीख किमान वय सांगते, सक्ती करत नाही. वर्ष वाया जाईल या भीतीने नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलांना त्याच वर्षी पहिलीत बसवणारे पालक पुढे दहावीपर्यंत शिकवणीच्या फीत ते वर्ष फेडत राहतात, असं माझं मत आहे. हे मत घरातल्या आजी-आजोबांना पटत नाही, हेही माहीत आहे.

वेळ आणि अंतर. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. तरी दोन पाळ्यांच्या इमारतीत सात दहाची घंटा वाजतेच. सात दहाची शाळा म्हणजे बस सहा पंचवीसला, म्हणजे उठणं पावणेसहाला, आणि डबा त्याआधी. सहा वर्षांचं मूल त्या वेळी काही खात नाही, दूध घशाखाली ढकलतं. शाळेची बस कुठल्या क्रमाने फिरते हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. सकाळी सगळ्यात आधी चढणारं आणि दुपारी सगळ्यात शेवटी उतरणारं मूल रोज दोन-अडीच तास बसमध्ये असतं, अंतर जेमतेम आठ किलोमीटर असलं तरी. बसमध्ये बाई मदतनीस आहे का, तेही बघावं. या दोन-अडीच तासांतही मुलाला जायचं असतंच, पण बसमध्ये करंगळी दाखवून उपयोग नसतो. चालत जाण्याच्या अंतरावरची बरी शाळा आणि दहा किलोमीटरवरची नामांकित शाळा यांत निवड असेल, तर चौथीपर्यंत जवळचीच घ्यावी. पाचवीत बदलायची ठरवली तरी दाखला मिळतो, तो अडवून ठेवायचा अधिकार शाळेला नाही.

फीबद्दल थोडक्यात. शाळेने सांगितलेला आकडा ही सुरुवात असते. बस, पुस्तकांचा संच, ठरलेल्या एकाच दुकानातला गणवेश, दोन जोडी बूट, स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहल, हे सगळं मिळून खरा आकडा. पहिलीला साठ हजार असेल आणि वर्षाला दहा टक्के वाढत गेली तर दहावीला एक लाख एक्केचाळीस हजारांच्या वर जाते. हे गणित प्रवेशाच्या दिवशीच करावं. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायची असते. सोडत कधी झाली, असं विचारल्यावर कार्यालयात जी शांतता पसरते ती शाळेबद्दल बरंच काही सांगते. शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत राखलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांसाठीही सोडत असते, तिथे मात्र पालक जागरूक असतात. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा, भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृत हवा. पण खरी अडचण नकाशावरच्या फुग्याची. अर्जात घराची खूण घाईत शेजारच्या गल्लीत पडली, की अंतर बदलतं आणि लॉटरी लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना यातून सूट द्यायचा नियम आला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केला. आणि ही मोफत जागा आठवीपर्यंतच असते. नववीच्या जूनमध्ये फीचा कागद हातात पडल्यावर मुलाला काय सांगायचं, याची तयारी पहिलीतच ठेवलेली बरी.

शाळा बघायला जायचं ते खुल्या दिवशी नाही. त्या दिवशी फुगे असतात. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, मधल्या सुट्टीच्या सुमारास जावं, नाही सोडलं आत तर फाटकाशी उभं राहावं. मुलं बाहेर येताना धावत येतात की रांगेत तोंडावर बोट ठेवून, बाई त्यांना नावाने हाक मारतात की "ए, लास्ट बेंच" म्हणून, डबा सांडला तर आधी काय होतं, ओरडा की फडकं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांना शिकवत होत्या, तेव्हा मुलांची आंघोळ आणि नखं कापणं हाही शाळेचाच भाग होता. शरीराला शाळेत जागा नसेल तर डोकं तिथे फार वेळ बसत नाही, हे त्यांना पाटी-पेन्सिलच्या आधी कळलं होतं. आपण मात्र प्रवेशासाठी मुलाला घेऊन जातो आणि "काऊचा कलर सांग" या प्रश्नाला तो काय म्हणतो याकडे श्वास रोखून बघतो. खरं तर पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला कायद्याने बंदी आहे, पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड. म्हणून तिला "इंटरॅक्शन" म्हणतात.

अशाच एका शाळेत डिसेंबरातल्या एका सकाळी इंटरॅक्शन संपवून एक कुटुंब निघालं होतं. संगणक कक्ष, नृत्याची खोली, काचेच्या कपाटातलं वाचनालय, सगळं दाखवून झालं होतं. जाता जाता वडिलांनी विचारलं, "पहिलीच्या मुलींचं टॉयलेट बघता येईल?" प्रवेश बघणाऱ्या मॅडम आधी हसल्या, मग घड्याळाकडे बघितलं, मग म्हणाल्या, "शुअर, पण ते आत्ता लॉक असतं. ब्रेकमध्ये ओपन करतो आम्ही." शिपायाला किल्ली आणायला पाठवलं. तो गेला तो गेलाच. स्वागतकक्षातल्या मोठ्या पडद्यावर रोबोटिक्स लॅबची चित्रफीत संपून पुन्हा पहिल्यापासून लागली. मुलगी वडिलांच्या शर्टाचं टोक ओढत म्हणाली, "बाबा, पाणी." त्यांनी पिशवीतून बाटली काढली, आणि झाकणावर अंगठा ठेवून क्षणभर तसेच थांबले.